मराठीसाठी सात दाबा

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत स्प्रिंगा बनवणारा एक कारखाना आहे आणि त्याच्या पलीकडे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. या दोन्हींच्या मध्ये एक काचेची इमारत उभी आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी निवृत्त होईपर्यंत महाराष्ट्राशी बोलत होते. तुम्ही कधी नाशिकहून किंवा लातूरहून आमच्या फोन कंपनीच्या क्रेडिट कार्डाची चौकशी करायला फोन लावला असेल, ‘मराठीसाठी सात दाबा’ हे ऐकून सात दाबलं असेल आणि पलीकडून एक बाई “नमस्कार, मी विद्या बोलतेय” म्हणाली असेल, तर ती पुण्या-मुंबईत कुठेतरी बसली आहे असंच तुम्हाला वाटलं असणार. आम्हीही तो समज मोडत नसू. “तुमच्याकडे थंडी पडली का मॅडम?” असं कुणी जानेवारीत विचारलं की मी “आहे थोडी” म्हणायचे आणि पंख्याकडे बघायचे.

मी मूळची बार्शीची. नवऱ्याला इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही चेन्नईला आलो. मुलगा शिकायला बाहेर गेला आणि घर रिकामं झालं, तेव्हा शेजारणीने बातमी आणली की अंबत्तूरला मराठी बोलणारी माणसं हवी आहेत, तमिळ मोडकंतोडकं असलं तरी चालेल. चाळिशी ओलांडलेली मी एकटीच. बाकी सगळी मुलं-मुली नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली. पहिल्याच आठवड्यात मी त्या मजल्यावरच्या सगळ्यांची ‘अक्का’ झाले, म्हणजे थोरली बहीण, आणि शेवटपर्यंत अक्काच राहिले.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फोन कंपनी स्वतः क्रेडिट कार्ड देऊ शकत नाही, म्हणून ती एखाद्या बँकेला जोडीला घेते. कार्ड बँकेचं, त्यावरचं नाव आणि रंग फोन कंपनीचा. खर्च केला की पॉइंट मिळतात. फोनचं, इंटरनेटचं, विजेचं बिल कंपनीच्या ॲपमधून भरलं की भरपूर, बाकी ठिकाणी थोडे. बँकेला नवा ग्राहक मिळतो. फोन कंपनीचा जुना ग्राहक टिकतो, कारण पॉइंट साठलेले असले की माणूस आपला नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायला कचरतो. यात लबाडी काही नाही. दोघंही आपापलं गणित नीट मांडून बसलेले असतात, एवढंच. गणित मांडायचं राहतं ते ग्राहकाचं.

कार्ड कसं विकायचं हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं. ते घ्यावं की नाही हे कसं ठरवायचं, ते मी लोकांशी बोलता बोलता शिकले. आधी वर्षाची फी बघायची. मग आपण एरवीही करतोच त्या खर्चावर वर्षभरात काय परत येईल याचा अंदाज घ्यायचा. कार्ड हातात आहे म्हणून जो खर्च वाढतो तो त्यात मिळवायचा नाही, उलट वजा करायचा. पुढे पाहायचं की पॉइंट वापरणार कशावर, कारण तोच पॉइंट दुकानाच्या कूपनात कमी मोलाचा असतो, फोनच्या बिलात थोडा बरा आणि विमानाच्या तिकिटात सगळ्यात भारी. आणि शेवटचा प्रश्न, दर महिन्याचं बिल पूर्ण भरणार का? ‘किमान रक्कम’ भरून उरलेलं पुढे ढकलणाऱ्याला जे व्याज पडतं, त्यापुढे सगळे पॉइंट किरकोळ.

हे न करणारे ग्राहक रोज भेटत. नाशिकच्या एका गृहस्थांनी पॉइंट मिळवण्यासाठी नवा फ्रिज घेतला होता.

“घरी फ्रिज नव्हता का सर?” मी विचारलं.

“होता की. चांगला चालू आहे. आता दोन आहेत.”

“मग दुसऱ्यात काय ठेवता?”

“पाणी,” म्हणाले.

लातूरच्या एक बाई होत्या, शिवणकाम करणाऱ्या. त्यांनी पॉइंट बँकेत ठेव ठेवावी तसे नुसते साठवले होते. मुलीच्या लग्नात काढू म्हणाल्या. पॉइंटांना मुदत असते हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. त्यांनी फोन केला तोवर ते सगळे बाद झालेले. माझ्या पडद्यावर त्यांची मुदत कधीपासून दिसत असणार, पण आम्हाला आपणहून कुणाला फोन करायची परवानगी नव्हती. आम्ही फक्त घ्यायचा. बाई रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. “असू दे ताई, तुम्ही तरी काय करणार,” म्हणाल्या आणि त्यांनीच फोन ठेवला. या नोकरीतली ती एक गोष्ट अजून टोचते.

पण मला सांगायचंय ते गोपीनाथरावांबद्दल.

एका दुपारी सातवर फोन आला. मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. पलीकडून म्हातारा, पण खणखणीत आवाज आला.

“बाई, मज तुमच्या कार्डाविषयीं पुसायचें आहे. अंमळ सावकाश सांगाल?”

मला वाटलं, आमच्याच मजल्यावरचं कुणीतरी थट्टा करतंय. बोलणं दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या दप्तरातून उठून आल्यासारखं आणि चाल पूर्ण तमिळ, वाक्याच्या शेवटी वर जाणारी. पडद्यावर पाहिलं तर नंबर चेन्नईचा.

“सर, आपण कुठून बोलताय?”

“विल्लिवाक्कम.”

ते तर आमच्याच रेल्वे मार्गावर, तीन स्टेशनं अलीकडे. मी म्हटलं, “सर, चेन्नईसाठी तमिळ आहे. एक दाबायचं.”

“दाबिलें होतें. तिकडे बहुत वेळ नुसतें गाणें वाजवितात. सात दाबिलें तर तुम्ही लगेच येतां.”

मग त्यांनी आपली ओळख करून दिली. त्यांचे पूर्वज मराठा राजवटीत तंजावरला आले ते तिथलेच झाले. पुढे घराणं नोकरीधंद्यानिमित्त मद्रासला सरकलं. गोपीनाथराव स्वतः अंबत्तूरच्याच एका पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, आता निवृत्त. घरात ते आणि पत्नी तुळजाबाई. मुलगी शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत. नातवंडं तमिळ आणि इंग्रजी बोलतात, मराठी त्यांना समजतं, पण उत्तर तमिळमध्ये देतात. त्यामुळे फोनवर मराठी बोलणारी परकी बाई मिळाली याचा त्यांना कार्डापेक्षा जास्त आनंद झालेला दिसत होता.

“या कार्डाची किंमत काय?” त्यांनी विचारलं.

मी वर्षाची फी सांगितली.

“तें कागदावर वाचिलें. मी मोल पुसतों. मजसारख्याला याचें मोल काय?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लोक विचारत, पॉइंट किती, भेट काय, विमानतळावर आत बसायला मिळतं का. मी त्यांचा खर्च विचारला. दोघांच्या दोन फोनांचे साधे प्लॅन, विजेचं बिल, औषधं, किराणा कोपऱ्यावरच्या दुकानातून रोखीने. मी फीचं पान उघडल्यामुळे माझ्या पडद्यावर एक हिरवी पट्टी उमटली होती, ‘ग्राहकाला रस आहे, आता अर्ज सुचवा’.

“सर,” मी म्हटलं, “खरं सांगू? तुमच्या खर्चाला हे परवडत नाही. फीइतकंसुद्धा परत यायचं नाही. घेऊ नका.”

पलीकडे पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“सरि,” ते म्हणाले. तमिळमध्ये म्हणजे ‘ठीक’. “माझी लेकही हेंच बोलली. परंतु ती सगळ्यालाच नको बोलते. तुम्ही कंपनीच्या असून बोललांत, तेव्हां खरें असेल. आतां असें सांगा, काय केलें तर परवडेल?”

मी सांगितलं की सगळ्या घरची, म्हणजे मुलीच्या घरचीही, विजेची, इंटरनेटची, फोनची बिलं तुमच्या कार्डावरून गेली आणि मुलीने त्याच दिवशी तेवढी रक्कम तुमच्या खात्यात टाकली, तर चित्र पालटेल. वर दर महिन्याला पै न पै भरायची आणि पॉइंट फक्त विमानाच्या तिकिटावर खर्चायचे. ते मधूनमधून “थांबा, लिहितों” म्हणत होते.

दोन दिवसांनी सेल्वीने मला बोलावलं. सेल्वी आमची टीम लीडर, माझ्या निम्म्या वयाची, कामाला वाघीण. तिला मराठी येत नव्हतं. आमचे फोन एक संगणक ऐकायचा आणि गुण द्यायचा. त्याने गोपीनाथरावांच्या फोनला गुणच दिले नव्हते. भाषेच्या रकान्यात ‘ओळखता आली नाही’ असं लिहिलं होतं.

“अक्का, ही कुठली भाषा?” सेल्वीने विचारलं.

“मराठी.”

“मग संगणकाला का कळली नाही?”

“जुनी आहे,” मी म्हटलं.

तिने रेकॉर्डिंग लावलं आणि मला वाक्यावाक्याला तमिळ-इंग्रजीत अर्थ सांगायला लावला. ‘घेऊ नका’पाशी आले तेव्हा मी जसं होतं तसं सांगितलं. सेल्वीने रेकॉर्डिंग थांबवलं आणि खुर्ची मागे ढकलली. त्या महिन्यात आमच्या टीमचे अर्ज कमी पडत होते, हे मला माहीत होतं.

“माझ्या आईला मी हे कार्ड घ्यायला लावलंय,” ती म्हणाली. “तिचा फोनचा प्लॅन या माणसासारखाच आहे.”

“आई किराणा कशाने भरते?”

“रोख.”

सेल्वीने कपाळ चोळलं. मग म्हणाली, “अक्का, यापुढे ‘घेऊ नका’ म्हणायचं नाही. ‘आत्ता घेऊ नका’ म्हणायचं. त्याला फॉलो-अप म्हणता येतं.”

तिने तसंच नोंदवलं आणि पुढच्या आठवड्यात गोपीनाथरावांनी खरोखरच फोन करून कार्डाचा अर्ज केला. संगणकाने मला गुण दिले नाहीत तरी सेल्वीने मला कॉफी पाजली. आईचं कार्ड तिने बंद केलं, हे मात्र तिने कुठे नोंदवलं नाही.

अर्ज भरताना मी गोपीनाथरावांना विचारलं, “विमानाने कुठे जायचंय सर?”

मागून बाईमाणसाचा आवाज आला, “मज द्या,” आणि फोन तुळजाबाईंच्या हाती गेला.

“देश पाहायचा आहे,” त्या म्हणाल्या.

देश म्हणजे महाराष्ट्र. त्यांच्या घरात तो असाच ओळखला जायचा. घरात पिठलं होतं, आरत्या होत्या, आडनावाच्या जागी गावाचं नाव होतं, पण ते गाव कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या आईने नाही, आजीने नाही. रेल्वेने जायचे बेत अनेकदा झाले. कधी कारखान्यात रजा मिळाली नाही, कधी मुलीची परीक्षा आडवी आली, आणि आता गुडघे असे की एवढा वेळ गाडीत बसणं शक्य नाही.

“मुलगी तिकीट काढून देणार नाही का?” मी विचारलं.

“देईल. आजच देईल. परंतु आपला देश लेकीच्या पैशानें पाहायचा, तें बरें नव्हे. जाणें आमचें आम्ही करूं. परत आणणें तिच्याकडे. तिला आम्ही परत हवे असूं तर ती तिकीट काढील.”

मी म्यूटचं बटण दाबून हसून घेतलं. शेजारच्या कन्नड खुर्चीवरच्या मुलाने काय झालं विचारलं, त्यालाही सांगितलं.

पुढे सव्वा-दीड वर्ष दर महिन्याला बिल आलं की गोपीनाथरावांचा फोन यायचा. बिल बरोबर आहे का हे त्यांना माझ्याहून नीट कळायचं. ड्राफ्ट्समनची नजर ती. फोन असायचा तो पॉइंट किती झाले हे सांगायला. “बाई, आज आम्ही नेल्लूर ओलांडिलें,” ते म्हणायचे. त्यांनी भिंतीवर नकाशा लावला होता आणि पॉइंटांच्या हिशेबाने चेन्नईहून पुण्याकडे पेन्सिलीने रेघ पुढे सरकवत होते. नेल्लूर पुण्याच्या वाटेवर नाही, हे मी एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, “ठाऊक आहे. हिला समुद्रकांठानें जायचें म्हणून वळसा घातला.” हळूहळू आमच्या मजल्यावर सगळ्यांना हे कळलं. महिन्याची ती तारीख आली की तेलुगू टेबलावरची मुलगी विचारायची, “अक्का, आज तात्ता कुठे पोचले?” तात्ता म्हणजे आजोबा. रेघ गुलबर्ग्याला आली त्या दिवशी सेल्वीने सगळ्यांना चिक्की वाटली.

आणि मग नियम बदलला.

एका सकाळी कंपनीचा संदेश आला. पुढल्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून विमानाच्या तिकिटासाठी पॉइंटाचं मोल निम्मं होणार. अशा गोष्टी करायचा कंपनीला अधिकार असतो, अर्जाच्या बारीक अक्षरात तो लिहिलेलाही असतो, पण ती अक्षरं वाचायला कुणाजवळ भिंग असतं? आमचे फोन पेटले. कोल्हापूर, जळगाव, चंद्रपूर, सगळीकडून माणसं एकाच वेळी सात दाबत होती. सातवर आयुष्यात पहिल्यांदा गाणं वाजायला लागलं.

दोन फोनांच्या मधल्या सवडीत मी गोपीनाथरावांचं खातं उघडून पाहिलं. दोघांच्या तिकिटाला थोडेच पॉइंट कमी होते, आणि तेवढे त्यांनी या महिन्याच्या खर्चात मिळवलेलेही होते. पण आमच्याकडे पॉइंट खात्यात पडतात ते महिन्याचं बिल निघाल्यावर, आणि त्यांचं बिल निघायचं पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे पॉइंट हातात येईपर्यंत मोल निम्मं झालेलं. निम्म्या मोलात एकाचंच तिकीट निघालं असतं.

यावर एक तोड होती. बिल निघायची तारीख बदलून घेता येते. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. ती आठवडाभर अलीकडे आणली की बिल या महिन्यातच निघणार आणि पॉइंटही लगेच पडणार. मात्र मागणी ग्राहकाने स्वतः करायची, तीही मोजक्या दिवसांत, म्हणजे नवी तारीख लागू व्हायला वेळ मिळेल. मी त्यांना फोन करू शकत नव्हते. त्यांनी मला करायला हवा होता.

ते करत होते. लागत नव्हता. हे मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, फाटकावरच्या वॉचमनने वर सेल्वीला फोन केला तेव्हा. खाली एक म्हातारं जोडपं आलंय, म्हणाला, आत सोडा म्हणतात, ‘सात नंबरच्या बाईला’ भेटायचंय. मी अंबत्तूरला बसते हे बोलण्याच्या ओघात एकदा माझ्याच तोंडून निसटलं होतं, आणि ही वसाहत गोपीनाथरावांच्या पायाखालची होती.

आमच्यासारख्या कचेरीत ग्राहकाला आत घेत नाहीत. आम्हीही खाली जाऊन ग्राहकाला भेटायचं नाही, नोकरी जाते. खात्यांची माहिती हाताळणारी जागा, त्यामुळे नियम योग्यच आहे. मी खिडकीशी गेले. फाटकासमोर चहाची टपरी, तिच्या शेजारी करंजाचं झाड. त्याच्या सावलीत पांढरी पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेले आणि इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून ताठ उभे असलेले एक गृहस्थ. बाजूला टपरीच्या बाकावर मोरपंखी साडीतल्या ठेंगण्या बाई, मांडीवर स्टीलचा डबा. इतके दिवस ज्यांच्याशी बोलले ती माणसं मी पहिल्यांदा पाहत होते.

मी सेल्वीला सगळं सांगितलं. तिकीट, तारीख, गुडघे, सगळं. फोनची रांग तिच्या पाठीमागच्या मोठ्या पडद्यावर लाल दिसत होती.

सेल्वी म्हणाली, “अक्का, आपण त्यांना फोन करू शकत नाही. पण फोन लागत नाही अशी तक्रार त्यांनी नोंदवली तर टीम लीडरला उलट फोन करता येतो.”

“तक्रार नोंदवायला फोन लागायला हवा.”

“ॲपवरून होते,” ती म्हणाली आणि वॉचमनला पुन्हा फोन लावला. “अण्णा, त्या तात्तांच्या मोबाइलवर आमचं ॲप आहे का बघा. तक्रार कुठे लिहायची ते त्यांना दाखवा. मी सांगते तसं करा.”

मी वरून पाहत होते. वॉचमन, गोपीनाथराव आणि टपरीवाला तिघं एका मोबाइलवर वाकले होते. तुळजाबाई बाकावरून सूचना देत असाव्यात, कारण टपरीवाला वारंवार त्यांच्याकडे बघून मान हलवत होता. थोड्याच वेळात सेल्वीच्या पडद्यावर तक्रार उमटली. ‘तुमचा दूरध्वनी लागत नाहीं. आम्ही खालीं उभे आहों.’

सेल्वीने फोन जोडला आणि हेडसेट माझ्या डोक्यावर चढवला. खाली झाडाखाली गोपीनाथरावांनी मोबाइल कानाला लावला.

“नमस्कार, मी विद्या बोलतेय,” मी म्हटलं. “सर, पडताळणीसाठी आपलं पूर्ण नाव सांगाल का?”

ते दिसत होते, मी त्यांना ओळखत होते, वॉचमन साक्षीला होता, तरी हे विचारावंच लागतं. त्यांनीही ते मनावर घेतलं. छाती पुढे काढून नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. कार्डाचे शेवटचे चार आकडे विचारल्यावर मात्र घोटाळा झाला. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं, उन्हाकडे केलं. तुळजाबाईंनी त्यांच्या हातातून कार्ड घेतलं आणि मोबाइलकडे तोंड करून मोठ्याने पहिला आकडा म्हटला.

“सर, आकडे आपणच सांगायचे आहेत. दुसऱ्या कुणी सांगितलेले मला चालत नाहीत.”

तुळजाबाई थांबल्या. मग त्या नवऱ्याच्या दुसऱ्या कानाशी लागल्या, एकेक आकडा कुजबुजल्या आणि गोपीनाथराव तो माझ्यापर्यंत जाहीर करत गेले. माझ्या पाठीमागे आता अर्धा मजला खिडकीशी गोळा झाला होता. सेल्वी सगळ्यांना जागेवर जायला सांगत होती आणि स्वतः हलत नव्हती.

“सर, आपली मागणी काय आहे?” मी विचारलं. हे त्यांनी स्वतः म्हणणं आवश्यक होतं आणि मला ते सुचवता येत नव्हतं, फोन रेकॉर्ड होत होता.

“बिलाची तारीख अलीकडे आणायची आहे,” गोपीनाथराव स्पष्ट म्हणाले. “नियमांत तशी सोय आहे. मी काल सगळी बारीक अक्षरें वाचिलीं.”

मला फार बरं वाटलं. मी जे सांगायला तडफडत होते ते त्यांनी आधीच शोधून काढलं होतं. मी मागणी नोंदवली, पुष्टी वाचून दाखवली, “आणखी काही मदत करू शकते का?” हेही विचारलं.

“खिडकींत निळ्या साडीच्या त्या तुम्हीच काय?” त्यांनी विचारलं.

“ही माहिती देता येत नाही सर,” मी म्हटलं आणि हात हलवला. खालून दोघांनीही हात हलवला. वॉचमननेही.

स्टीलचा डबा ते फाटकावर ठेवून गेले. मजल्यावर खायला बंदी, म्हणून आम्ही तो कँटीनमध्ये उघडला. आत गूळ-खोबऱ्याच्या पोळ्या होत्या, आपल्या पुरणपोळीची आणि तमिळ लोक करतात त्या गोड पोळीची, दोन्हींची आठवण देणाऱ्या. सेल्वीने दोन खाल्ल्या आणि तिसरी आईसाठी रुमालात बांधून नेली.

महिना संपायच्या आत बिल निघालं, पॉइंट पडले, आणि गोपीनाथरावांनी जुन्या मोलात दोन तिकिटं काढली. परतीची मुलीने काढली. तिला विचारावंही लागलं नाही, असं तुळजाबाईंनी अभिमानाने सांगितलं. आमच्या मजल्यावर तात्तांची रेघ पुण्याला पोचली म्हणून टाळ्या वाजल्या. मला त्या दिवशी कामाचं चीज झालं असं वाटलं. एरवी आमच्या नोकरीत कुणाचं काय झालं ते कळत नाही. फोन ठेवला की माणूस संपतो.

मी निवृत्त झाले त्या सुमारास सातवर यंत्र बसवायची तयारी चालली होती. ते आता बोलतंही असेल, कदाचित माझ्याहून शुद्ध. गोपीनाथरावांशी ते काय बोललं असतं हे मात्र ऐकायला मला आवडलं असतं.

ती दोघं पुण्याला पोचली त्या संध्याकाळी, माझी पाळी संपायच्या बेतात असताना, सातवर फोन आला. गोपीनाथराव होते. कार्डाबद्दल काही तक्रार नाही, पत्नीला बोलायचं आहे, म्हणाले आणि फोन तुळजाबाईंना दिला. मागे रस्त्याचा गजबजाट ऐकू येत होता.

“कसा आहे देश?” मी विचारलं.

“सगळ्या पाट्या वाचतां येतात,” त्या म्हणाल्या. मग हसायला लागल्या. “विमानतळावर ज्याला त्याला मी मराठींत बोललें. सगळे हिंदींत उत्तर देतात. बाहेर आलों, रिक्षांत बसलों. रिक्षावाला म्हातारा होता. त्यानें माझें बोलणें ऐकिलें आणि मागें वळून पुसिलें, आजी, तुम्ही कुठल्या?”

“मग? काय सांगितलंत?”

“मी बोललें, इथल्याच. यायला अंमळ उशीर जाला.”

“तो काय म्हणाला?”

“काय बोलणार? मीटर टाकिला आणि पुसिलें, मग कुठें सोडूं?”